आधी मिस्त्री, मग गाडी: नागपुरात स्वप्नातली गाडी घेताना

गाडीचं वेड असलेल्या कोणाकडेही दोन याद्या असतात. एक भिंतीवरच्या पोस्टरची: मस्टँग, पोर्शे ९११, स्कायलाइन. दुसरी जरा दबक्या आवाजात सांगितली जाते, कारण त्यातली गाडी खरोखर दारात येऊ शकते: जुनी सिटी व्हीटेक, पोलो जीटी, ऑक्टाव्हिया आरएस, जिप्सी, काँटेसा. हा लेख दुसऱ्या यादीचा आहे. रोज ऑफिसला न्यायला एक गाडी आहे, आता एक मनासाठी घ्यायची आहे, आणि ती नागपुरातच ठेवायची, चालवायची, दुरुस्त करायची आहे, अशा नवख्या माणसासाठी.

नागपूर मुद्दाम म्हणतोय. पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनचा आणि रांजणगावला फियाटचा कारखाना. मुंबईत कुठल्याही गाडीचा कुठलाही पार्ट कोणत्या ना कोणत्या गल्लीत सापडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, ठरावीक गाड्यांचे जाणकार मिस्त्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि पार्ट बाहेरून मागवला तर गाडी आठ-आठ दिवस जॅकवर. जमेची बाजूही आहे. हवा कोरडी, म्हणून पत्रा गंजत नाही. रस्ते रुंद. समृद्धी इथूनच सुरू होतो, पेंच आणि चिखलदरा सुटीच्या दिवशी गाठता येतात. हा हिशेब डोक्यात ठेवून गाडी निवडली तर सुख आहे. नुसते व्हिडिओ बघून निवडली तर राजेहो, कव्हरखाली धूळ खाणारी अजून एक गाडी शहरात वाढेल.

पायरी पहिली: कुठल्या रस्त्यासाठी हवी ते ठरवा

विदर्भातला रस्ता सपाट आणि सरळ. वर्धा रोडवरून बुटीबोरीकडे किंवा अमरावती रोडवर वाडीच्या पुढे गेलात की स्टिअरिंग फिरवायची वेळ फारशी येत नाही. वळणांचा रस्ता हवा तर परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट, नाहीतर छिंदवाड्याहून तामियामार्गे पचमढी. म्हणजे वळणांत खेळण्यासाठी घेतलेली गाडी वर्षातून मोजक्या वेळा खेळेल आणि बाकी दिवस सरळच धावेल. त्यामुळे माझं मत असं: नागपूरकराला मधल्या आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या मधल्या फेऱ्यांना, जोर देणारं टर्बो इंजिन जास्त आनंद देतं. आणि ज्याला पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा या भागातच फिरायचं आहे, त्याने सेडानच्या नादी लागूच नये.

आता गाड्या. सगळ्या सांगत बसत नाही. ज्यांच्याबद्दल नवखे हटकून विचारतात त्याच घेतो.

होंडा सिटी, पहिल्या पिढीची, १९९८ ला आलेली. तिचं १.५ व्हीटेक (जास्त फेऱ्यांना व्हॉल्व्ह जास्त उघडणारं होंडाचं तंत्र) मॉडेल २००० मध्ये आलं आणि २००३ ला 'डॉल्फिन' सिटी आल्यावर संपलं. शंभराच्या वर अश्वशक्ती, वजन जेमतेम टनाच्या आसपास, आणि सुई लाल रेघेकडे निघाली की बदलणारा तो आवाज. बसायला इतकी खाली की गुडघे कानाला लागतात, आणि आपल्या कॉलनीतले स्पीड ब्रेकर तिच्या पोटाला लागतात. टायमिंग बेल्टची, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या रबरी पट्ट्याची गाडी आहे. बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललाच नाही असं धरून चाला. वय आता वीस वर्षांच्या पुढे, म्हणून शोधायची ती मालकाने जपलेली, कमी हात बदललेली. चांगली मिळाली तर पहिल्या गाडीसाठी हिच्याइतकी शिकवणारी दुसरी नाही.

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ ची. १.२ टर्बो, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्या डीएसजीचा क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडालेला. सीताबर्डीच्या संध्याकाळच्या गर्दीत, उन्हाळ्यात, इंच-इंच सरकताना तो तापतो, आणि गिअर-क्लच चालवणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन दिवस अबोला. २०२० मध्ये १.० टीएसआय आलं, त्यासोबत सहा गिअरचा मॅन्युअल आणि साधा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद नेणारा) ऑटोमॅटिक. नवख्याने डोळे झाकून हाच मॅन्युअल घ्यावा. पोलो २०२२ ला बंद झाली खरी, पण तेच १.० इंजिन टायगुन आणि व्हर्टसमध्ये चालू असल्याने इंजिनच्या पार्टची चिंता कमी. स्वप्नातली गाडी निवडताना ही गोष्ट फार कमी लोक बघतात: गाडी बंद झाली असली तरी तिचं इंजिन अजून कोणत्या चालू गाडीत जिवंत आहे?

स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसच्या बाबतीत 'कुठली आरएस' हा पहिला प्रश्न. २००४ ची १.८ टर्बो, १५० अश्वशक्ती, मॅन्युअल. मग २०११ ची लॉरा आरएस (पुढच्या पिढीची ऑक्टाव्हिया इथे लॉरा नावाने विकली गेली), १६० ची. पुढे २०१७ ची आरएस २३० आणि २०२० ची आरएस २४५, जी भारतात फक्त २०० आली. पहिली आता संग्रहाची वस्तू झाली आहे. लॉराचं इंजिन तेल पितं, तेव्हा डिपस्टिक दर महिन्याला बघायची सवय हवी. २३० ही या यादीतली सगळ्यात परिपूर्ण गाडी: चौघं आरामात बसतात, डिकीत लग्नाचं सामान मावतं आणि समृद्धीवर तिला घाम येत नाही. फक्त टायर आणि ब्रेकचे पार्ट मोठ्या गाडीच्या भावाने येतात.

फियाटची लिनिया टी-जेट आणि २०१५ ची पुंटो अबार्थ. अबार्थचं १.४ टर्बो १४५ अश्वशक्तीचं, आणि स्टिअरिंगमध्ये रस्ता हाताला कळतो. मनापासून आवडणाऱ्या गाड्या. पण फियाट या नावाने इथे नवी गाडी विकणं केव्हाच थांबलं आहे, म्हणून मिस्त्रीची आणि पार्टची सोय पक्की झाल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

जिप्सी १९८५ पासून २०१८-१९ पर्यंत बनली. शेवटची बरीच वर्षं १.३ इंजिनासह. चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग), एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी दोन वाजता जिप्सी चालवणाऱ्याला मी साष्टांग नमस्कार करतो. तरी जंगलाच्या कच्च्या वाटेवर तिच्यासारखी हलकी आणि न अडकणारी गाडी नाही, आणि ती दुरुस्त करणारा माणूस रामटेकपासून चंद्रपूरपर्यंत सापडतो. इथे दोन धोके. एक, सफारीतून निवृत्त झालेली जिप्सी: ती व्यावसायिक नोंदणीची असते, खासगी करून घ्यावी लागते, आणि छत कापलेलं असेल तर आरसीवरच्या बॉडीशी जुळत नाही. दुसरा, लष्कराच्या लिलावातली: नागरी नोंदणी झालेली असेल, आरसी हातात असेल, तरच बोला. "कागद होऊन जाईन ना भाऊ" हे वाक्य ऐकलं की चहा संपवून निघा.

काँटेसा. १९८४ ते २००२, हिंदुस्थान मोटर्स, मागच्या चाकांना ताकद, नंतरच्या गाड्यांत इसुझूचं १.८ इंजिन. दिसायला राजा. इंजिनचं काम जुने मिस्त्री करतील, पण बंपर, दिवे, काचेची रबरं, आतलं कापड हे मिळवणं म्हणजे वर्षभराचा उद्योग. हिला दुसरी किंवा तिसरी गाडी करा, पहिली नको.

आणि ज्याला ही सगळी उठाठेव नकोच, त्याने २०२० नंतरची थार घ्यावी. नाशिकला बनते, पार्ट मिळतात, उन्हाळ्यात एसी चालतो. काही पक्के शौकीन नाकं मुरडतील. त्यांना मुरडू द्या.

पायरी दुसरी: मिस्त्री शोधा

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे. गाडी बघायच्या आधी तिचा मिस्त्री बघायचा.

करायचं असं. मनात पक्क्या केलेल्या दोन-तीन गाड्यांची नावं घ्या आणि शहरातल्या त्या गाड्यांच्या मालकांना गाठा. सिग्नलला शेजारी अबार्थ थांबली तर काच खाली करून विचारा. या वेडातला माणूस उत्तर देतोच, उलट त्यालाच थांबवावं लागतं. गाडी कुठे टाकता, किती दिवस लागतात, पार्ट कोण आणतं, हे तीन प्रश्न. दोन-तीन मालकांच्या तोंडून एकच नाव आलं की त्या गॅरेजमध्ये जा. तिथे पोचल्यावर उभ्या गाड्या बघा. तुम्हाला हवी ती किंवा तिची भावकी दोन-तीन तरी उभी असावीत. एकच असेल, आणि तिच्यावर बोटभर धूळ असेल, तर ती का उभी आहे ते विचारा.

मिस्त्रीला विचारायचे प्रश्न साधे ठेवा. या गाडीत सगळ्यात आधी काय जातं? ते इथे मिळतं का? स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) कोणता वापरता? चांगला मिस्त्री लगेच हो म्हणत नाही. "गाडी मस्त हाये, पण पुर्जा कोठून आणसान?" असं विचारणारा माणूस तुमचा. "आणा तर, पाहून घेऊ" म्हणणाऱ्याच्या गॅरेजमधून गोड बोलून बाहेर पडा. मिस्त्री पटला की गाडी बघायला त्याला सोबत न्यायचं आणि त्याचा वेळ फुकट समजायचा नाही. पाहणीचे पैसे आधी ठरवून द्या. गाडी नाकारली तरी द्या.

पायरी तिसरी: पैशाचे दोन भाग

जेवढं बजेट आहे त्यातला तिसरा हिस्सा बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्यात गाडी शोधा. सहा लाख असतील तर चार लाखांची गाडी. बाजूचे पैसे टायर, बॅटरी, सगळी तेलं, बेल्ट, सस्पेन्शनचे बुश, एसी, विमा आणि नोंदणीच्या कामात जातात, आणि पहिल्या काही महिन्यांतच जातात. दहा-बारा वर्षांपुढच्या गाडीला बँकेचं कर्ज मिळणं अवघड; त्यासाठी पर्सनल लोन काढून घेतलेली शौकाची गाडी पहिल्याच मोठ्या बिलाला विकायला निघते.

पायरी चौथी: गाडी बघायला सकाळी जा

विक्रेत्याला आदल्या रात्री सांगा, "मी येईपर्यंत सुरू करू नका." पोचल्यावर पहिली गोष्ट, बॉनेटवर हात. गरम लागलं तर आधीच सुरू करून ठेवली आहे. कदाचित इंजिन थंड असताना सुरू व्हायला त्रास देते. कारण विचारा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा या.

थंड असेल तर बॉनेट उघडा. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला, बघा. तेल काळं असणं गुन्हा नाही. कमी असणं आणि वर धातूची चकाकी दिसणं वाईट. ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघा: ताकाच्या फेसासारखा पांढरट थर असेल तर तेलात पाणी मिसळतंय, हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचा, संशय घ्यावा. कूलंटच्या टाकीत हिरवं, गुलाबी किंवा निळं पाणी दिसायला हवं. मातकट दिसलं तर मालक नळाचं पाणी घालत होता, आणि नागपूरच्या उन्हात त्या रेडिएटरचं काय झालं असेल ते ओळखा.

मग मागे एक माणूस उभा करून गाडी सुरू करा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. दाट पांढरा, जरा गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल-डिझेल जास्त जातंय. एसी लावा आणि पंधरा-वीस मिनिटं गाडी तशीच उभी राहू द्या. रेडिएटरचा पंखा लागतो का, बंद होतो का, तापमानाचा काटा मधोमध स्थिर राहतो का? बरेच लोक ही वीस मिनिटं गप्पांत घालवतात आणि डॅशबोर्डकडे बघतच नाहीत. आपल्या शहरासाठी हीच सगळ्यात मोठी परीक्षा आहे.

पत्र्याचं बघायचं ते असं. फेंडर आणि बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग फुटलेला असेल तर ते बोल्ट कधीतरी खुलले आहेत. बॉनेटखाली दोन्ही बाजूंना जो पत्रा असतो, ज्याला गॅरेजवाले एप्रन म्हणतात, त्यावर कारखान्यात पडलेले गोल, समान अंतरावरचे स्पॉट वेल्डिंगचे खळगे असतात. एका बाजूला ते स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला पुट्टीत बुजलेले दिसले तर समोरून मोठी धडक बसली आहे. सगळ्या काचांवर कंपनी आणि साल छापलेलं असतं. एकच काच वेगळ्या सालाची असेल तर का, ते विचारा. डिकीचा गालिचा उचलून स्टेपनीचा खड्डा बघा. तिथला पत्रा सुरकुतलेला असेल तर मागून ठोकली आहे.

गंज आपल्याकडच्या गाडीत सहसा नसतो. म्हणून एमएच-०१ ते ०४, एमएच-०७, एमएच-०८ अशी मुंबई-ठाणे किंवा कोकणातली गाडी आली तर ती जॅकवर घेऊन खालून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाण्यात बुडालेल्या गाडीचं मात्र आपणही बघायला शिकलं पाहिजे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि दारातल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही सुकवून, धुऊन पुढे विकल्या गेल्या नसतील असं मानणं भाबडेपणाचं होईल. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला गाळाची रेघ असते, कारण तिथपर्यंत कोणी धुवत नाही. सीटखालच्या रुळांवर गंज, डॅशबोर्डखालच्या बोल्टवर पांढरी बुरशी, आणि खूप अत्तर मारलेला वास, या तीन खुणा.

चालवून बघायला एक सिमेंटचा आणि एक डांबरी रस्ता निवडा. नागपूरच्या सिमेंट रस्त्यावर टायर इतके गुंजतात की चाकाचं बेअरिंग गेलेलं कळतच नाही. डांबरावर साठच्या वेगाला कान द्या. हळूच डावीकडे-उजवीकडे वळवताना गुंजन कमी-जास्त झालं तर ते बेअरिंग, तसंच राहिलं तर टायर. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांपुढचा टायर आपल्या उन्हात भरवशाचा राहत नाही, तो भावातून वजा करा. २०१० च्या अलीकडच्या गाडीला स्कॅनर लावल्याशिवाय सौदा नको. किलोमीटर खरे की फिरवलेले ते काट्यावरून कळत नाही. सर्व्हिसच्या पावत्या आणि जुने पीयूसी यांच्याशी ताडून बघा.

पायरी पाचवी: कागद

गाडी आवडली की डोकं गरम होतं, म्हणून कागद आदल्या दिवशीच तपासायचे. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर नंबर टाकून बघा: मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, नोंदणी कधीपर्यंत, विमा, न भरलेले चलान. कर्ज फिटलं असं तोंडी सांगतील. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आपल्या जिल्ह्यात तीन नंबर: एमएच-३१ शहर, एमएच-४९ नागपूर पूर्व, एमएच-४० ग्रामीण. तुमच्या पत्त्याचं कार्यालय वेगळं असेल तर आधीच्या कार्यालयाचं एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागतं. वर्धा, भंडारा, चंद्रपूरच्या गाडीचंही तसंच. मालकी बदलायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी फिरवत राहणाऱ्या एजंटांच्या साखळीत अडकू नका; ज्याचं नाव आरसीवर आहे त्याला एकदा तरी प्रत्यक्ष भेटा.

परराज्याची गाडी इथे फार फिरते. छिंदवाड्याची एमपी-२८, शिवनीची एमपी-२२, रायपूरची सीजी-०४ स्वस्त दिसतात. त्यांना एनओसी, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर लागतो. तो गाडीच्या मूळ किमतीवर, वयाप्रमाणे घटवून आकारतात. मूळ किंमत मोठी असेल तर 'स्वस्त' गाडीचा फायदा तिथेच संपतो. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तसे तिथल्या मोठमोठ्या जर्मन गाड्या पडत्या भावात इकडे येऊ लागल्या. भाव बघून जीव जातो, मान्य आहे. पण त्या गाडीचं सस्पेन्शन, इलेक्ट्रॉनिक्स आणि कर यांची बेरीज करून मगच तोंड उघडा.

वय पंधराच्या पुढे असेल तर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, गाडी नेऊन दाखवून. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीचं हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं. वीस वर्षांपुढच्या गाडीला त्याहून जास्त, शिवाय पर्यावरण कर वेगळा. मुदत टळली तर दरमहा दंड. म्हणून २००३ ची सिटी घेताना नूतनीकरण झालेलं आहे की व्हायचं आहे, हा भावातला मोठा मुद्दा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवलेली आहे ना तेही बघा. 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी २०२१ पासून मिळते, पण ती पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना. काँटेसाला अजून अवकाश आहे, त्यामुळे त्या नावाखाली भाव चढवणाऱ्याला हात जोडा.

विमा आपल्या नावावर लगेच करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही. बाहेरून बसवलेले एक्झॉस्ट, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), रुंद चाकं यांचा शौक आवरा. मूळ बनावटीत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, अपघातानंतर विमा कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं, आणि कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरवरून रोलर फिरवलेले फोटो आपण पेपरात पाहिलेच आहेत.

पायरी सहावी: नवतप्याच्या आधीची तयारी

गाडी शक्यतो दिवाळीनंतर घ्या, म्हणजे तयारीला चार-पाच महिने मिळतात. फेब्रुवारीपर्यंत कूलंट बदलून घ्या, रबरी होज दाबून बघा. कडक किंवा फुगलेले असतील तर सगळे एकदम बदला. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर कूलंटला वाट देणारा झडपेचा भाग) आणि रेडिएटरचा पंखाही तेव्हाच. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला देणारे मिस्त्री अजून आहेत. ऐकू नका, गाडी हिवाळ्यात गरमच होत नाही, इंजिन झिजतं आणि मूळ दुखणं लपून राहतं.

पेट्रोलचं एक नवं प्रकरण आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि वीस वर्षांपूर्वीच्या गाडीची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. इंधनाच्या नळ्या आणि ओ-रिंग नव्या प्रतीच्या घालून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा म्हणजे आत हवा कमी राहते, आणि आठवड्यातून एकदा सुरू करून नीट गरम होईपर्यंत फिरवून आणा. जागेवर पाच मिनिटं घुरघुरवून बंद करण्यात काही अर्थ नाही.

सावली हवीच. उघड्यावर दोन उन्हाळे काढले की डॅशबोर्ड तडकतो, दाराची रबरं वाळतात. कव्हर घालायचं तर हवा खेळणारं; प्लास्टिकची ताडपत्री घातली तर पावसाळ्यात रंगाला फोड येतात. उंदरांचा बंदोबस्त करा. उभी गाडी ही त्यांची धर्मशाळा असते आणि जर्मन गाडीची वायरिंग खाल्ली तर शोधायलाच मिस्त्रीचे दोन दिवस जातात.

पायरी सातवी: चालवा

पहिले काही शे किलोमीटर शहराच्या आसपास. काटोल रोड, सेमिनरी हिल्सचा छोटा चढ, कधी रामटेकपर्यंत. डिकीत कूलंट, एक जुनी होज, क्लिप, फ्यूज आणि टोचन.

समृद्धीचं आकर्षण सगळ्यांनाच. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून निघालं की थेट ठाणे जिल्ह्यापर्यंत ७०१ किलोमीटर. नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, पूर्ण रस्ता जून २०२५ मध्ये. मोटारीला मर्यादा १२० ची. जुन्या गाडीसाठी हा रस्ता वाटतो त्याहून कठीण आहे, कारण तासन्‌तास एकाच वेगात, तापलेल्या सिमेंटवर, टायर थंड व्हायला संधीच मिळत नाही. निघायच्या आधी सकाळी, टायर थंड असताना हवा भरा, आणि टायरवरचं वेगाचं अक्षर बघा: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० पर्यंत. सरळ रस्त्याने डोळ्यांवर झापड येते, तेव्हा दर दीड तासाने उतरायचंच. वीस वर्षांच्या सिटीने तिथे ९०-१०० च्या पुढे जाऊ नये, आणि मे महिन्याच्या दुपारी तर निघूच नये.

मनसर-खवासामार्गे पेंचच्या बाजूने जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ सुरेख आहे. प्राण्यांना खालून जायला वाट ठेवून रस्ता वर उचलला आहे. उन्नत भाग संपला की मात्र वेग आवरा, रानडुक्कर कुठूनही येतं. चिखलदऱ्याला पावसाळ्यात जाऊ नका, धुकं आणि गर्दीत गाडीची मजा कळत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पहाटे निघून, आठवड्याच्या मधल्या वारी जा. उतरताना ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा गिअर खाली घ्या. पहिल्या घाटानंतर चाकांजवळ जळका वास आला तर थांबून ब्रेक थंड होऊ द्या, पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

खरोखरच जोरात चालवायची हौस असेल तर ती रस्त्यावर भागवायची नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहेत. नागपूरहून दोन्ही हजार किलोमीटरच्या पलीकडे. ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर चालवू देतात त्या दिवशी, वेगात गाडी हाताळायला शिकवतात आणि हेल्मेट सक्तीचं असतं. जायचं ठरलं तर गाडी तिकडे चालवत नेऊन दमवू नका, ट्रकवर पाठवा, आणि जायच्या आठवडाभर आधी ब्रेक फ्लुइड बदलून घ्या. मिस्त्रीला कुठे चाललो आहोत ते सांगा. तो काही बोल्ट आणखी एकदा आवळून देईल.